सर्वानुमते मंजूर

"ठराव क्रमांक सात. सूचक अमुक अमुक. अनुमोदक…" आणि पुढे माझं नाव. "सर्वानुमते मंजूर."

मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं चाललं होतं. साल २०११. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक पतसंस्था, आणि मी तिचा संचालक. संस्थेचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते तिच्या एकटीच्या बाबतीत घडलं असं मुळीच नाही. माझं नाव ऐकून मी दचकलो, कारण त्या ठरावाला मी अनुमोदन दिलं नव्हतं. विरोधही केला नव्हता. त्या दिवशी मी चहा-भजी आणि एक गुळमुळीत वाक्य यांपलीकडे कशासाठीच तोंड उघडलं नव्हतं. सभा संपल्यावर कारकुनाला बाजूला घेऊन विचारलं, तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, तुमचें नांव तीन मीटिंगांनी खंयच येवंक नाशिल्लें. म्हणून घालें."

त्याने माझ्यावर उपकारच केले होते. प्रत्येक संचालकाचं नाव पाळीपाळीने कुठे ना कुठे यावं, कोणी रुसू नये, म्हणून तो सूचक-अनुमोदकांची वाटणी करायचा. श्राद्धाच्या पंगतीत कोणाला पहिल्या पानावर बसवायचं हे जसं जाणती माणसं ठरवतात, तसं. मी हसलो. दुरुस्ती सुचवली नाही. इतिवृत्त कायम झालं, खाली माझीही सही झाली. म्हणजे न दिलेलं अनुमोदन मीच कायम करून टाकलं.

ठराव होता सतरा टिपर ट्रकांच्या कर्जांचा.

ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं. चीनला आपलं हलक्या प्रतीचं लोहखनिजही चालू लागलं आणि आमच्या पट्ट्यात पैसा अक्षरशः रस्त्यावरून वाहू लागला. पाळी, वेळगे, नावेली, आमोणे या बाजूला सकाळी सात वाजता ट्रकांची रांग लागायची ती लोडिंग पॉइंटपर्यंत. पुढे बार्जी मांडवीतून मुरगावकडे. २०१०-११ साली गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज निर्यात झालं. झाडांची पानं तांबडी, वाळत घातलेले कपडे तांबडे, आमच्या बैठकीच्या खोलीतल्या खिडकीच्या गजांवरही तांबडा थर. ज्याच्या दारात ट्रक नाही त्याला मुलगी द्यायला लोक कां-कूं करायचे. थोडी अतिशयोक्ती झाली, पण थोडीच.

मी गणिताचा मास्तर. विषयपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला होता. दिवसाला किती ट्रिपा, ट्रिपेला काय दर, डिझेल, ड्रायव्हर, टायर, पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी, हप्ता किती. हिशेब जुळत होता. फक्त एका अटीवर: पुढची पाच वर्षं खाण अशीच चालली पाहिजे. आणि बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी शहा आयोग तर नेमला गेला होता, पेपरात रोज काही ना काही येत होतं. आमच्या एकूण कर्जांत ट्रकांचा वाटा किती झालाय, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता. मॅनेजर एकेक नाव वाचत होता, चेअरमन "मंजूर" म्हणत होते, पंखा घरघरत होता. सतरा फायली चाळीस मिनिटांत संपल्या. मध्येच चेअरमननी माझ्याकडे पाहून विचारलंही, "कितें सर, तुमकां कितें दिसता?" मी म्हणालो, "सगळ्यांक जाय जाल्यार जावंदी." सगळ्यांना हवं असेल तर होऊ द्या.

बाहेर स्कूटर काढताना दुसरे एक संचालक, वयाने माझ्याहून मोठे, हळूच म्हणाले की इतके ट्रक एकदम बरे नव्हेत. मी म्हटलं, मलाही तेच वाटत होतं. "हांवेंय तेंच चिंतिल्लें," ते म्हणाले. मग दोघांनी स्कूटरला किक मारली.

नऊ जणांच्या त्या मंडळात निदान दोघांना तो निर्णय पटला नव्हता. कदाचित पाच जणांनाही पटला नसेल, मला कसं कळणार? पण पुस्तकात लिहिलं गेलं "सर्वानुमते". दुसऱ्या वर्षी, १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ट्रक दारात उभे राहिले, त्यांच्या हौद्यांत पावसाचं पाणी साचून डास झाले. थकलेल्या कर्जांसाठी पुढे सरकारला दिलासा योजना आणावी लागली. त्या सतरांपैकी किती बुडाले ते सांगत नाही, ती माणसं अजून रस्त्यात भेटतात.

माझा मुद्दा खाणीचा नाही. मुद्दा असा आहे की संस्थेत बसलेला माणूस निर्णय घेतो म्हणजे नेमकं काय करतो. वरवर पाहिलं तर त्या दिवशी मी काहीच ठरवलं नाही. माझ्या मते मी ठरवलं. गप्प राहायचं ठरवलं. तो निर्णय मी पुरत्या शुद्धीत, हिशेबाचा कागद खिशात ठेवून घेतला, आणि त्याची कुठेही नोंद नाही. आपल्या संस्थांचा कारभार अशा नोंद नसलेल्या निर्णयांवर चालतो. पतसंस्था, शाळांची व्यवस्थापन मंडळं, देवस्थान समित्या, पंचायती, सरकारी खाती, कुठलीही घ्या. "सर्वानुमते" हा शब्द त्यावर घातलेली चादर आहे. ती ओढून काढावी असं मला वाटतं. विरोध करणाऱ्याचं नाव आणि त्याचं कारण इतिवृत्तात लिहिलं गेलंच पाहिजे, मग संस्था केवढीही लहान असो.

या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे, आणि चांगला झालेला आहे. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९४७ साली कारभारातल्या माणसाच्या वागण्यावर पुस्तक लिहिलं. १९७८ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं ऐकायला साधं आहे. सगळे पर्याय मांडून, प्रत्येकाचे परिणाम मोजून सर्वांत उत्तम तो निवडायचा, एवढा वेळ, एवढी माहिती आणि एवढं डोकं कोणाकडेच नसतं. म्हणून माणूस "पुरेसं बरं" काही हाताला लागलं की थांबतो. सायमन आणि त्याचा सहकारी जेम्स मार्च यांचा दाखला असा: गवताच्या गंजीत सगळ्यांत टोकदार सुई शोधत बसायचं, की शिवण्यापुरती टोकदार सुई सापडली की उठायचं? दुसऱ्या प्रकाराने वागणारा माणूस मूर्ख नसतो. आपण सगळे तसेच जगतो, भाजी घेतानाही.

फक्त आमच्या टेबलाभोवती प्रत्येकाला वेगळंच काही शिवायचं होतं. चेअरमनना पुढच्या निवडणुकीत ट्रकवाल्यांची घरं हवी होती. मॅनेजरला ३१ मार्चचं उद्दिष्ट गाठायचं होतं. मला आठच्या आत घरी पोचायचं होतं, दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर काढायचा होता. प्रत्येकाला आपापल्या कामापुरती सुई त्या "मंजूर" शब्दात सापडली. ठेवीदारांना काय शिवायचं आहे हे विचारणारा तिथे कोणी नव्हता. ते आठ जण आणि मी, आम्ही त्यांच्याच नावाने बसलो होतो.

मार्चने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. तो म्हणतो, संस्थेतला माणूस "याचा परिणाम काय होईल" असं फार कमी वेळा विचारतो. तो विचारतो, "माझ्यासारख्याने अशा जागी काय करायचं असतं?" मला मंडळावर घेतलं होतं ते "सर" म्हणून. चांगलं नाव, चांगले कपडे, पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला भाषण. सरांनी काय करायचं असतं? शांत बसायचं, चष्मा पुसायचा, शेवटी दोन शब्द बोलायचे. कर्जाच्या फायलीत नाक खुपसणारा सर कोणाला हवा असतो? मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग तर पुष्कळांना ठाऊक असतील. दोन कार्डांवरच्या रेघांची लांबी जुळवायची, एवढंच काम. लहान मूलही चुकणार नाही. पण खोलीतली बाकीची सगळी, आधी पढवून ठेवलेली माणसं एकमुखाने चुकीचं उत्तर देऊ लागली की खराखुरा उमेदवार सुमारे तीनातल्या एका वेळी त्यांच्या मागे जायचा. याच प्रयोगांतली दुसरी गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. खोलीत एक जरी माणूस खरं उत्तर देऊ लागला, तर ही चुकांची संख्या एकदम कोसळायची. एकच माणूस पुरत होता. स्कूटर लावलेल्या जागी आम्ही दोघे होतो. तेच दोघे दहा मिनिटं आधी आत टेबलाशीही होतो.

आता थोडं मोठ्या पटावर. गोव्यातल्या खाणींची मूळ कागदपत्रं पोर्तुगीज काळातली. ती कन्सेशन्स, म्हणजे तेव्हा दिलेले खाणहक्क, १९८७ च्या कायद्याने रद्द करून त्यांचे "मानीव", म्हणजे कायद्याने तसे मानून घेतलेले, खाणपट्टे केले गेले. त्यांचं पहिलं नूतनीकरण वीस वर्षांचं, ते २२ नोव्हेंबर २००७ ला संपलं. दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज पडून होते. अर्ज पडून आहे, नाकारलेला नाही, तर मुदत वाढली असं मानायचं. म्हणजे पुन्हा "मानीव". या शब्दावर पाच वर्षं खाणी चालल्या. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तसं मानता येत नाही, २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं सगळं उत्खनन बेकायदेशीर. पुढे ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण झालं, त्यातले बरेचसे जानेवारी २०१५ मध्ये खाणपट्टे लिलावानेच द्यायचे असा केंद्राचा वटहुकूम येण्याच्या आधीच्या अगदी थोड्या दिवसांत. ७ फेब्रुवारी २०१८ ला तेही रद्द.

पाच वर्षं खाणी चालू ठेवायच्या, हा निर्णय घेतला कोणी? शोधायला गेलात तर सापडत नाही. रॉयल्टी भरून घेणाऱ्याने चलन बरोबर आहे का पाहिलं. वाहतूक परवाना देणाऱ्याने रॉयल्टीचं चलन पाहिलं. काट्यावरच्या पोराने परवाना पाहिला. बँकांनी आणि आमच्यासारख्या पतसंस्थांनी ट्रकचं कोटेशन पाहिलं. प्रत्येकाच्या पुढ्यातला कागद चोख होता. प्रत्येकाने आपापल्या जागेपुरतं नियमाने काम केलं, आणि सगळ्यांच्या कामाची बेरीज केली तर जी गोष्ट उभी राहते ती ठरवणारा माणूस कुठेच नाही. यात लबाड माणसं नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण लबाडांची संख्या नेहमीच थोडी असते. बाकीच्या शेकडो प्रामाणिक माणसांनी त्यांना काम चालू ठेवता येईल अशी सपाट वाट करून दिली, आणि तेही कोणाचा एक पैसा न खाता.

माझे एक मेहुणे पर्वरीला सचिवालयात होते, सेवानिवृत्त झाले. त्यांनी मला फायलीचं व्याकरण शिकवलं. आपल्याला वाटतं निर्णय वर होतो. मेहुण्यांचं म्हणणं, पहिली टिपणी लिहिणारा खालचा कारकून निम्मा निर्णय तिथेच करून टाकतो. त्याने दोनच पर्याय लिहिले तर वर कोणी तिसरा शोधत नाही. त्याच्या टिपणीखाली "सबमिटेड प्लीज", त्याखाली "फॉर ऑर्डर्स", त्याखाली "ॲज प्रपोज्ड". तीन सह्या, आणि एकाही सहीत "मी असं ठरवतो" हे वाक्य नाही. खालचा म्हणतो मी फक्त मांडलं, वरचा म्हणतो मी फक्त मान्य केलं. आणि कोणा अधिकाऱ्याला खरोखरच शंका आली तर तो लिहितो "प्लीज स्पीक". म्हणजे येऊन बोला. मग केबिनमध्ये चहा घेत खरं बोलणं होतं, आणि फाईल पुन्हा स्वच्छ होऊन पुढे जाते. शंका नेमकी कागदावरून उतरवण्यासाठीच ते दोन शब्द असतात. मेहुणे हे मोठ्या कौतुकाने सांगायचे. मला त्यात कौतुक कमी आणि धास्ती जास्त वाटली.

पर्याय कोण मांडतो यात किती ताकद असते ते आपल्याला देवळात कळायला हवं होतं. कौल घेताना पाहिलंच असेल. साधारण रीत अशी की मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी कौल मानतो की नाही हा भाग सोडा. एका बाबतीत ही पद्धत फार शहाणी आहे: निर्णय कोणा माणसावर येत नाही, त्यामुळे हरलेला भाऊ जिंकलेल्या भावाचं तोंड बघू शकतो. पण देवापुढे प्रश्न काय ठेवायचा हे पाकळी ठरवत नाही. "थोरल्याने घर घ्यावं की धाकट्याने?" असं विचारलं, तर "बहिणीचा वाटा?" याचं उत्तर कुठलीच पाकळी देत नाही.

आमच्या पिढीने हे मोठ्या प्रमाणावरही पाहिलं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. गोव्यात पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. मी तेव्हा बारा वर्षांचा. वडील कट्टर फुलाचे, थोरले काका पानांचे, आणि घर एकच. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या मतपत्रिकेवर घटक राज्य हा तिसरा पर्याय नव्हताच. तो यायला ३० मे १९८७ उजाडावं लागलं. कौलाचा निकाल चुकला असं मी म्हणत नाही, मी फुलावाल्याच्या घरातला असूनही. एवढंच म्हणतो की प्रश्न छापला गेला त्या दिवशीच निम्मं उत्तर ठरून गेलं होतं.

इथे कोणीतरी गावकरीची, गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या जुन्या संस्थेची, आठवण काढणार, आणि काढावी. कोमुनिदाद हे नाव पोर्तुगिजांनी दिलं, संस्था त्यांच्या आधीची. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, त्यांनी तिचे रिवाज लिहून घेतले, आणि आजही कोमुनिदादींचा कारभार १९६१ च्या संहितेने चालतो. जुन्या गावकरीत ठराव एकमताने व्हायचे, एका गावकराने "नाका" म्हटलं तरी विषय अडायचा, असं गावकरीच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. हे ऐकून आजचा व्यवस्थापनवाला हसेल. असं काम होईल का? बांध फुटतोय आणि एक जण नको म्हणतोय! पण त्या एकमतात आणि आमच्या "सर्वानुमते"त जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे नकाराला किंमत होती, म्हणून होकार मिळवावा लागे. समजूत घालायची, बांधाचं काम वाटून द्यायचं, शेताचा लिलाव पुढे ढकलायचा. आमच्याकडे होकार गृहीत धरलेला. कोणी बोललं नाही की झाला.

त्या गावकरीचे मी उगाच गोडवे गाणार नाही. सभेत बसायचा हक्क गावकरांच्या पुरुष वंशजांना. बायका बाहेर. त्याच खाजनात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, आयुष्यभर राबलेले मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) आणि कूळ बाहेर. ज्यांचं एकमत होत असे ते मुळातच थोडे आणि एकमेकांसारखे होते. ती रचना परत आणा असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्यात नाही. नकाराची किंमत तेवढी परत आणा, एवढंच म्हणतो.

आता खरा आक्षेप. तो मला माझ्याच बायकोने घेतला, म्हणून टाळता येत नाही. ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी विरोध लिहायला लावला असता, तर त्या सतरा घरांत आपण कुठल्या तोंडाने गेलो असतो? चतुर्थीला आरतीला कोण आलं असतं?" गोव्यासारख्या लहान जागेत हे खोटं नाही. कर्ज मागणारा तुमचा विद्यार्थी असतो, मॅनेजर तुमच्या व्याह्याचा भाऊ असतो, आणि सगळ्यांचं देऊळ एक. "आमी कित्याक वायट जावपाचें?" हे वाक्य मी जितक्या मंडळांवर बसलो तितक्या ठिकाणी ऐकलंय. इथे वाईट होणं म्हणजे ऑफिसात वाईट होणं नव्हे, जन्मभराचं वाईट होणं.

मला यावर सहज उत्तर सुचलं नाही. नंतर वडील आणि काका आठवले. एक फुलाचा, एक पानांचा, दोघेही उघड, अंगणात झेंडे लावून. भांडले खूप. पण पंगत तुटली नाही. पुढे दहा वर्षांनी तेच दोघे जमिनीच्या एका तुकड्यावरून कायमचे दुरावले, आणि त्या प्रकरणात कोणीच कोणाला तोंडावर काही बोललं नव्हतं. सगळं मनात. एका घरावरून नियम काढता येत नाही, मास्तर असल्यामुळे तेवढं कळतं. तरी उघड विरोधाने नाती तुटतात हे आपण फार सहज गृहीत धरतो. कुजबुजीने ती किती तुटली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

दुसरा आक्षेप चाणाक्ष लोकांचा: विरोध नोंदवायची सोय केली की प्रत्येक जण अंग काढून घ्यायला विरोध नोंदवेल. हे होतं, मी पाहिलंय. एका मंडळावर एक वकीलसाहेब प्रत्येक खर्चाला "माझा विरोध" म्हणायचे आणि भत्ता घेऊन घरी जायचे. म्हणून नुसतं नाव पुरेसं नाही, कारणही लिहिलं पाहिजे. "ट्रकांच्या कर्जांचं एकूण प्रमाण तपासल्याशिवाय मंजुरी देऊ नये असं माझं मत" हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि लिहिणाऱ्याला उद्या त्याच्याशी बांधून ठेवता येतं. होकार देणाऱ्यांचंही कारण लिहा. सतरा ट्रक का, हे एका ओळीत लिहायला लावलं असतं तर माझी खात्री आहे, आमच्या चेअरमनांचाच हात थबकला असता.

कायद्याने ही वाट काही ठिकाणी आधीच दाखवलेली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे संचालक मंडळाच्या इतिवृत्तात विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकाचं नाव यावं लागतं. त्याच कायद्यात कसूरदार अधिकाऱ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गैर गोष्ट ठाऊक असून सभेत हरकत न घेणारा संचालकही येतो. म्हणजे गप्प बसणं हे कृत्य आहे, हे कायद्याला कळलंय. लष्करी न्यायालयात मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करतात, वरच्याचं ऐकून खालच्याने मान डोलावू नये म्हणून. हे तर फुकटात होण्यासारखं आहे. आमच्या चेअरमननी आधी "मंजूर" म्हणून मग "कितें सर?" असं विचारण्याऐवजी आधी मला विचारलं असतं तर? मी कदाचित तरीही भज्याकडे बघितलं असतं. पण पळवाट एक कमी झाली असती.

विरोधाची नोंद लगेच काही वाचवते असंही नाही. २८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीत, जगण्याचा हक्कही स्थगित होऊ शकतो का या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी एकटे हं. रा. खन्ना विरोधात गेले. निकाल बदलला नाही. त्यांचं सरन्यायाधीशपद मात्र गेलं. २०१७ साली न्यायालयाने त्यांचंच म्हणणं बरोबर ठरवलं, एकेचाळीस वर्षांनी. ते म्हणणं सापडलं कारण ते लिहिलेलं होतं. आमच्या पतसंस्थेतला माझा हिशेबाचा कागद? तो मी घरी येऊन फाडला. बायकोने त्याच्या मागे वाण्याची यादी लिहिली होती म्हणून अर्धा उरला, एवढंच.

आता मी कुठल्या पतसंस्थेवर नाही. आमच्या गावच्या मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, वय झालं की माणसाला वाचनालयावर घेतात. गेल्या पावसाळ्यात बैठक होती. विषयपत्रिकेत काही खास नव्हतं. शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय", आणि त्यात एक: तळमजल्यावरची मुलांची खोली वीस वर्षांच्या कराराने दुकानाला भाड्याने द्यायची. वीस वर्षं, आणि आयत्या वेळी. भाडं चांगलं होतं, छपराला पैसे हवेच होते. अध्यक्षांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मग सर्वानुमते लिहू?"

समितीत नव्याने आलेली एक शिक्षिका, माझ्याच एका विद्यार्थ्याची मुलगी, म्हणाली, "माझा विरोध आहे. लिहून घ्या."

कोणीतरी हसलं. अध्यक्ष चांगला माणूस, त्यांना खरोखर वाईट वाटलं. "बाई, विरोध कशाला लिहायचा? आपण 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहू."

"चर्चा झालीच नाही, अध्यक्ष."

कारकुनाने पेन उचलून ठेवलं. त्याच्या पुस्तकात सूचक आणि अनुमोदक असे दोन रकाने छापलेले होते, तिसरा नव्हता. त्याने वर पाहिलं आणि प्रामाणिकपणे विचारलं, "हें खंय बरोवचें?" हे लिहायचं कुठे? सगळे माझ्याकडे बघू लागले, मी सर असल्यामुळे. मी चष्मा पुसला. मग म्हटलं, अनुमोदकाच्या खाली एक रेघ मार, तिथे तिचं नाव लिही, आणि तिच्या नावाखाली माझं.